उपाशी सवाष्ण

नागपूर
नागपंचमी, १९५४

श्री. शालिकराम उमरेडकर यांस, मुंबई मुक्कामी,
तुमच्या स्वर्गवासी पत्नीचा नमस्कार.

दचकू नका. मी वर नाही, खालीच आहे. गांधीबागेच्या मागची तीच खोली, लढाई सुरू झाली त्या साली तुम्ही जिच्या दारातून वळकटी घेऊन निघालात ती. "महिनाभरात बोलावून घेतो," असं म्हणून गेला होतात. तो महिना अजून संपायचा आहे.

काल बर्डीवर जाऊन तुमचा सिनेमा पाहिला. सुरुवातीलाच पाटी आली: 'थोर कादंबरीकार शालिकराम उमरेडकर यांच्या संसाराची सत्यकथा.' शेजारच्या जिजाबाईला वाचता येत नाही, म्हणून मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. 'सत्यकथा' म्हणताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण पुढची बाई वळून बघायला लागली.

तुमचं काम करणारा माणूस तुमच्यापेक्षा उंच आहे आणि गोरा तर फारच. 'उमरेडच्या कोष्ट्याचा पोर, शालिकराम धकाते' अशी, तुमच्या खऱ्या आडनावानिशी, त्याची ओळख करून दिली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. बायको म्हणून जी मुलगी आणली आहे तिचं नाव शामला ठेवलंय. जयवंता हे नाव पडद्याला शोभलं नसावं. ती शामला अंगठेबहाद्दर. तुम्ही तिचा हात धरून तिला अ आ इ शिकवता आणि गाणं लागतं. उमरेडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तुमच्या कथांच्या नकला करून देणारी बाई, म्हणजे मी, समोर बसून हे बघत होते. तुमचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं होतं, हे सिनेमात कुठे आलं नाही.

मग ती आजारी पडते. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते, "माझ्यामागे रडू नका, लिहीत राहा." आणि जाते. मरताना मी इतकं चांगलं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.

बायकांच्या बाजूला नुसता हुंदक्यांचा आवाज. माझ्या डाव्या हाताला महाल भागातली एक जाडजूड बाई होती, तिने तर पदर तोंडात कोंबला होता. मी शेंगदाणे खात होते. ती माझ्यावर खेकसली, "काहून वं बाई, तुले काळीज नाही का? इतकी देवासारखी बाई मरून राहिली अन् तू खाऊन राहिली?"

जिजाबाईला राहवलं नाही. "अवं, मरून कुठं राहिली? हे काय माझ्या बाजूले बसून आहे!" ती ओरडली. सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या, "चूप बस ना वं बुडे!"

कादंबरी आली तेव्हा मी काही बोलले नाही. त्यातही बायको मारली होतीत. पण कादंबरीत खोटं असायचंच, असं म्हणून सोडून दिलं. ही मात्र सत्यकथा आहे, पाटी लावून सांगितलेली. तेव्हा एकच मागणं आहे. कुठल्याही वर्तमानपत्रात दोन ओळी छापा, की माझी पत्नी जयवंता नागपुरात आहे आणि जिवंत आहे. तुमच्या हाताला दोन ओळी जड नाहीत.

तुमची,
बोलता बोलता मेलेली

*

नागपूर
तान्हा पोळा

श्री. शालिकरामजींस,

तुमचं उत्तर नाही. वर्तमानपत्रही बघते आहे. दोन ओळी नाहीत, पण तुमचा फोटो मात्र आला होता, शामलेच्या तसबिरीला हार घालताना. शामला झालेल्या त्या मुलीच्या आईने तो बघितला असेल तर तिला काय वाटलं असेल, याचा तरी विचार करायचा.

इकडची हकीकत सांगते. सिनेमा अजून भरून चाललाय. इतवारीतल्या लग्न ठरलेल्या पोरी घोळका करून जातात आणि परत येताना नवस बोलतात, की नवरा मिळावा तर असा. गांधीबागेतले बाबूलाल शेठ, ज्यांच्याकडे मी विणलेलं लुगडं नेऊन देते, ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत होते, "क्या आदमी है! घरवाली गुजर गई, तो दूसरी की ही नहीं." मी समोर उभी होते. म्हटलं, "शेठजी, ते घरवाली मीच आहो." ते हसले. "अरे बाई, तुमने भी पिक्चर देख लिया?" वेडी म्हणाले असते तर परवडलं असतं. ते कौतुकाने हसले.

मग मी दत्तोपंतांकडे गेले. आपल्या लग्नात उमरेडला अक्षता टाकायला आलेला, आता नागपुरात जिवंत आहे असा तो एकटाच माणूस. तुमचे आईवडील गेले, माझेही गेले. दत्तोपंतांचं साप्ताहिक आहे, त्यांनी मनावर घेतलं तर एका अंकात सगळं उलटलं असतं. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, 'वहिनी, वहिनी' केलं. म्हणाले, "वहिनी, लोकांच्या मनात एक सुंदर चित्र बसलं आहे. ते कशाला फाडायचं? शालिक तुम्हाला विसरला नाही, अहो, त्याने तुमच्यावर एवढं लिहिलं!" तेवढ्यात बाहेर कुणी आलं, तर मला म्हणाले, "बरं बाई, या आता."

आतल्या खोलीत वहिनी, ओसरीवर बाई. तुमचा मित्र शोभतो.

आज दारावरून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक गेली. पोरं ओरडत होती, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" मागून बडगे निघाले. तुम्ही होतात तेव्हा साहेबाचा बडग्या निघायचा, आता महागाईचा आणि पुढाऱ्यांचा निघतो. कागद, बांबू आणि फाटक्या कापडाचा माणूस करायचा, गावभर मिरवायचा आणि नेऊन जाळायचा. मी दारात उभी राहून विचार करत होते, की तुमचा करायचा झाला तर चष्मा कशाचा करावा. जिजाबाई म्हणाली, "कर ना वं, मी फडकी देतो." मी म्हटलं नको. जाळलेल्या बडग्याला कळत नाही की आपल्याला कोणी जाळलं. तुम्हाला कळलं पाहिजे.

जयवंता

*

नागपूर
महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी

शालिकरामजी,

'श्री.' लिहायला आज हात होत नाही.

समोरच्या भागीरथेच्या घरी महालक्ष्म्या बसतात. तिचं लग्न होऊन ती या मोहल्ल्यात आली तेव्हापासून तिच्या घरची पहिली सवाष्ण मी. तिने माझे पाय धुवायचे, ओटी भरायची, मी जेवले की मग बाकीच्यांची पानं. नवरा परागंदा असला तरी सवाष्ण ती सवाष्ण, असंच आजवर सगळे मानत आले. माझ्याजवळ मिरवायला दुसरं होतं काय? मूल नाही, दागिना नाही. कपाळावर कुंकू होतं आणि वर्षाकाठी एक पाट होता.

परवा भागीरथा दारात आली. आत येईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "यंदा राहू दे वं जयवंताबाई. सासू आयकून नाही राहिली. म्हणते, त्याची बायको तर मेली, सऱ्या जगानं पाह्यलं. मंग इचं हे कुकू कोनाचं?"

हे कुंकू कोणाचं. ऐकलंत?

मी तिला म्हटलं, "अन् तुले काय वाटते?" ती म्हणाली, "मले काय समजते वं? आमी कुठं तुमचं लगन पाह्यलं?" आणि गेली. ती वाईट नाही. या मोहल्ल्यातल्या कोणीच आपलं लग्न पाहिलेलं नाही. इतकी वर्षं माझ्या शब्दावर चाललं होतं, आता पडद्यावरच्या शब्दापुढे माझा शब्द टिकेना. तिच्या सासूच्या लेखी मी कोण, हे तोंडाने सांगायची गरज नाही. नवरा नसताना कुंकू लावणारी बाई कोण असते ते तुम्हालाही कळतं.

काल तिच्या घरून पुरणाचा वास येत होता. मी दार लावून मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले होते. जिजाबाई आली आणि माझ्याजवळ बसली. मी रडले. तुमच्या सिनेमात रडले नव्हते, ते काल सगळं निघालं. आणि रडून झाल्यावर जे राहिलं तो नुसता राग आहे. तुमचं वाटोळं व्हावं असं मला वाटतं, हे सरळ लिहिते. तुमच्यासारखं नटवून लिहायला मला जमत नाही.

तुम्ही तिकडे दुसरी बाई ठेवली असती तर मी समजले असते. पुरुषाचं मन, मोठं शहर, होतं असं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तुम्हाला दुसरी नको होती. तुम्हाला मीच हवी होते, मेलेली. कांड्या भरणारी, कोष्टी बोली बोलणारी बायको तुमच्या सभेत बसवता आली नसती. मेलेलीला हार घालता येतो.

मला काय हवं आहे ते पुन्हा सांगते, म्हणजे चुकायला नको. मी तुमची लग्नाची बायको आहे आणि जिवंत आहे, हे तुमच्या तोंडून, चारचौघांत. यापलीकडे तुमचं काही नको.

जयवंता

*

नागपूर
पितृपक्ष, अष्टमी

हे पत्र आज पेटीत टाकणार नाही. उद्याचा दिवस झाला की हे आणि याच्या पुढचं, दोन्ही एकदम टाकीन.

तुम्ही नागपुरात आला आहात. स्टेशनवर हार पडले, दत्तोपंत पुढे होते, हे सगळं कळलं. धंतोलीला कुसुमताई वकिलीणबाईंच्या घरी उतरला आहात, हेही कळलं. त्यांच्याकडे जिजाबाई निवडणं-टिपणं करायला जाते. वकिलीणबाईंनी तुमचा सिनेमा इतक्यांदा पाहिलाय की त्यांना गाण्यांतली कडवीसुद्धा पाठ आहेत.

परवा त्यांनी जिजाबाईला बोलावून सांगितलं, "अगं, साहेब इथे आहेत आणि नेमकी अविधवा नवमी येते आहे. त्यांची पत्नी सवाष्ण गेली. बिचाऱ्यांनी सांगितलं, मुंबईला करायला कोणी नसतं. तर आपल्याच घरी करू. त्यांच्या हातून सवाष्ण जेवू घालू. पण ती कोष्ट्यांचीच हवी बाई, शामलाच्या माहेरासारखी. सावळी, चाळिशीतली, शांत. आहे का तुझ्या पाहण्यात?"

जिजाबाई म्हणते, मी जीभ दातांखाली धरली, मगच बोलली. "आहे नं बाई. आमच्या बाजूलेच राह्यते. शामलासारखीच दिसते म्हना ना."

नाव वकिलीणबाईंनी विचारलं नाही. सवाष्णीचं नाव लागत नाही, कपाळ लागतं. पूर्वी त्या घराच्या ओसरीपुढे आम्हाला कोणी येऊ दिलं नसतं. तेवढं मात्र तुमच्या सिनेमाने केलं, ते नाकारत नाही.

जिजाबाईने निरोप सांगितला तेव्हा मी हातातली कांडी खाली ठेवली. मग हसू आलं. मग तुमच्या आईची आठवण झाली.

तुम्हालाही आठवत असेल. आपलं लग्न झालं त्याच वर्षी, उमरेडला, तुमच्या आजीची नवमी होती. बोलावलेली सवाष्ण मामंजींच्या कुठल्याशा शब्दावर रागावली आणि भरल्या पानावरून उठून चालती झाली. तुमच्या आई तशाच अनवाणी धावल्या. आठवडी बाजारातून तिला हातापाया पडून परत आणली आणि पानासमोर गुडघ्यांवर बसून, विनवून जेवू घातली. तोवर घरात कोणी पाण्याला शिवलं नाही. तुम्ही भुकेने रडवेले झाला होतात आणि आई तुम्हाला म्हणाल्या होत्या, "अरे, सवाष्ण उपाशी उठली, तर जिच्या नावाचं पान तेही उपाशी अन् आपलं घर बी उपाशी. तिले जेवू घालाच लागते, मंग कायबी करा लागो."

मी तेव्हा नवी नवरी होते. चुलीमागे उभी राहून ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

उद्या हिरवं लुगडं नेसणार आहे. मीच विणलेलं.

*

नागपूर
वद्य दशमी

शालिकरामजी,

काल काय झालं ते तुम्ही होतातच. तरी लिहिते, कारण तुम्ही यावर काही लिहाल तेव्हा वेगळंच लिहाल.

वकिलीणबाईंनी स्वतः माझे पाय धुतले. त्यांच्या महिला मंडळाच्या सगळ्या बायका भिंतीला लागून बसल्या होत्या, कोपऱ्यात तसबीर, तसबिरीला हार. त्या पोरीच्या तसबिरीसमोर मला पाटावर बसवलं. वडे, खीर, कढी, पुरण, पान अगदी काठोकाठ. मी पदर पुढे ओढून मान खाली घातली होती. एकजण म्हणाली, "अगदी शामला वाटते हो!" आणि तिने डोळे पुसले.

मग तुम्ही आलात. रेशमी सदरा, सोनेरी काडीचा चष्मा. गुरुजींनी सांगितलं तसं पायांवर पाणी घातलंत आणि वाकून डोकं टेकवलंत. माझ्या पायांवर! तुमच्या टाळूवरचे केस पाहिले. विरळ झाले आहेत. तुम्ही वर पाहिलं नाही. सवाष्णीचं तोंड पाहायची तुम्हाला गरज वाटली नाही.

सगळं नमस्कारावरच थांबलं असतं, तर कदाचित तुम्ही सुटला असता. पण वकिलीणबाईंना हौस फार. श्राद्धाच्या दिवशी कोणी नाव घ्यायला लावतं का? त्यांनी लावलं. "घ्या ना हो नाव, साहेबांना त्यांच्या मातीतला उखाणा ऐकू दे." गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. सिनेमाची पाटी वाचली तेवढं सोडलं, तर मी लग्नानंतर तुमचं नाव तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. काल उच्चारलं.

"मागावर विणलं लुगडं, त्याला रेशमी काठ,
शालिकराम धकात्यांची अजून पाहते वाट."

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. "अगं बाई, हिच्या नवऱ्याचं नावही शालिकराम!" मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि आडनावही धकातेच?" मग हसू थांबलं. मी पदर मागे सारला आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मला ओळखलंत. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. मीच होते.

वकिलीणबाईंनी विचारलं, "साहेब, तुम्ही ओळखता यांना?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "गावाकडची कोणी असेल."

दत्तोपंत तुमच्या शेजारी उभे होते. ते आढ्याकडे बघायला लागले.

तेव्हा मी घासासाठी उचललेला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. म्हटलं, "बाई, मी जेवत नाही."

"असं काय करता हो? पान वाढलंय!"

"मी कोनाची सवाष्ण आहो, ते याहिनं सांगावं. मंग मी जेवीन."

त्या घराची काय गत झाली ते तुम्ही पाहिलंतच. आतून मुलं भूक भूक करत होती. गुरुजी म्हणाले, सवाष्ण जेवल्याशिवाय कोणाचंही पान मांडता येणार नाही. मंडळाच्या बायका सकाळपासून उपाशी होत्या. वकिलीणबाईंची म्हातारी सासू माजघरातून ओरडली, "तिला उपाशी उठवू नका गं! माझ्या नातवंडांचं घर आहे!" वकिलीणबाई रडकुंडीला आल्या. त्यांनी माझे हात धरले, मग तुमच्याकडे वळल्या. "साहेब, तुमच्या पत्नीच्या नावाचं पान आहे. तुम्हीच विनवा. काय हवं ते बोला, पण हिला जेवू घाला."

तुम्ही हात जोडलेत. "बाई, जेवा." मी बसून राहिले. "बाई, कृपा करून जेवा." मुंबईची भाषा. मी पानाकडे बघत राहिले. पुरणावरचं तूप निवून थिजू लागलं. मी उठायला म्हणून पाटाला एक हात टेकवला.

तेव्हा तुम्ही गुडघ्यांवर खाली बसलात. तुमच्या आई त्या सवाष्णीसमोर बसल्या होत्या, तसेच. मला वाटतं तुम्ही तेव्हा काही ठरवून बोलला नाहीत. तुमच्या तोंडून आई बोलल्या.

"जेव वं, जयवंते. पान थंडं होऊन राह्यलं."

माझं नाव त्या घरात कोणी घेतलं नव्हतं. कोणाला ठाऊकच नव्हतं. वकिलीणबाईंनी जिजाबाईकडे पाहिलं. जिजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने मोठ्याने सांगितलं, "हो बाई. जयवंताच नाव आहे तिचं. इतके दिवस हेच सांगून राहिलो."

मग सत्यवती नावाची ती तरुण मास्तरीण, जिने तसबिरीला हार घातला होता, ती रागाने लाल होऊन तुम्हाला म्हणाली, "मग आम्ही रडलो ते कोणासाठी?"

मी जेवायला सुरुवात केली. सगळं जेवले. वडे दोनदा मागून घेतले, वकिलीणबाईंनी स्वतः वाढले. माझ्याच नावाचं पान होतं, टाकायचं कसं?

जयवंता

*

नागपूर
घटस्थापना

शालिकरामजी,

तुमचा निरोप घेऊन दत्तोपंत काल आले. ओसरीवरच वहिनी म्हणाले. तुम्ही मला मुंबईला बोलावता आहात म्हणे. झालं गेलं विसरून जावं. सिनेमावाल्यांचंही म्हणणं आहे की शेवट बदलू, शामला मेलेली नसते, पुरात वाहून गेलेली असते, आणि नवरा-बायकोची भेट होते. दत्तोपंतांना हे फार आवडलं आहे. मी विचारलं, "त्यात सवाष्ण जेवते का?" तर म्हणाले, ते शोभणार नाही.

मी येणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी बोलावलं असतंत तर अनवाणी आले असते. आता तुम्हाला जिवंत बायको हवी आहे ती तोंड वर काढायला. माझं काम झालं. तुमचं तुम्ही बघा.

इकडचं सांगते. भागीरथेच्या थोरलीचं लग्न ठरलं आहे, पहिली हळद मी लावायची आहे. सांगायला भागीरथेची सासू स्वतः आली होती, जिभेला गाठ मारल्यासारखी बसून होती. मी तिला चहा पाजला आणि विचारलं, "मावशी, हे कुकू कोनाचं?" ती म्हणाली, "चूप ना वं, पोरी." तिला एवढंच पुरे.

बर्डीवर सिनेमा अजून चालू आहे, पण मरणाच्या प्रसंगाला आता कोणी रडत नाही. जिजाबाई पुन्हा जाऊन आली. शामला तुमच्या मांडीवर डोळे मिटायला लागली, तशी बायकांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "थांब वं, मरू नको! आधी जेवून घे!" सारं थिएटर हसलं. जिजाबाईची शपथ आहे, की ओरडणारी महालातली तीच जाड बाई होती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बायकाही ओरडल्या, म्हणतात. आता पोरं तेवढ्यासाठी तिकीट काढतात. तुमचा सगळ्यात हळवा प्रसंग, नाही का? तुमच्या कादंबरीत त्यावर अख्खं प्रकरण आहे.

कुंकू मी पुसणार नाही. तुम्हाला वाटत असेल, एवढा राग आहे तर पुसून मोकळी का होत नाही. मोकळं कोणाला व्हायचंय? तुम्ही आहात तोवर मी सवाष्ण आहे, हे तुम्ही आपल्या तोंडाने कबूल केलं आहे. तेव्हा असं करायचं. दर वर्षी अविधवा नवमीला नागपूरला यायचं. वकिलीणबाईंनी घर देऊ केलं आहे, त्यांच्या सासूबाईंचा तसा आग्रहच आहे. पाय धुवायचे, डोकं टेकवायचं आणि मी घास उचलेपर्यंत, सगळ्यांच्या देखत, आपल्या बोलीत विनवायचं. मी लवकर ऐकेनच असं नाही. दर वर्षी माझं श्राद्ध घालायचं आणि दर वर्षी मी जिवंत आहे हे आपल्या डोळ्यांनी बघायचं, दोघांपैकी एक खरोखर जाईपर्यंत.

आला नाहीत तर मी त्या दिवशी उपाशी राहीन. सवाष्ण उपाशी राहिली की ते कोणाच्या घराला लागतं, हे तुमच्या आईने तुम्हाला शिकवलं आहे, मी नव्याने सांगायला नको.

खिरीत वेलदोडा कमी होता. पुढच्या खेपेला तेवढं बघा.

जयवंता शालिकराम धकाते